एकोणीस मिनिटं पंधरा सेकंद

लालबागच्या भांड्यांच्या दुकानात काका शिरले की दुकानदार आतून स्टूल आणून ठेवायचा. काका एकेक पातेलं उचलणार, डाव्या हाताच्या तीन बोटांवर तोलणार, उजव्या हाताच्या मधल्या बोटाने टिचकी मारणार आणि लगेच कानाशी नेणार. "हे रडकं आहे." बाजूला. "ह्याचं तोंड एक बोलतंय, पोट एक बोलतंय." बाजूला. मी एकदा मोजली होती, पाऊण तासात एकतीस भांडी वाजवून त्यांनी एक घेतलं.

"ह्यात काय शिजवणार, काका?" मी विचारलं.

"भात."

"मग भाताला सूर कशाला?"

"भात शिजताना झाकण थरथरतं. एकटा माणूस आहे मी. घरात तेवढाच आवाज असतो. तो तरी धड नको?"

करी रोडच्या आमच्या चाळीत ते तिसऱ्या मजल्यावर राहायचे, माझ्यापासून चार खोल्या सोडून. तेव्हा ते चाळिशीचे होते, मी चोवीस वर्षांचा. यंत्रसामग्री बनवणाऱ्या एका कंपनीत ते ड्राफ्ट्समन होते आणि घरी कीबोर्ड वाजवायचे. त्या वाजवण्याला नाव काय द्यायचं हे चाळीत कोणाला कळत नसे. शब्द नाहीत, ठेका नाही. एक स्वर धरायचा, तो विरत आला की दुसरा सोडायचा. ऐकणाऱ्याचे डोळे पाचव्या मिनिटाला मिटायचे. म्हणून चाळीने त्यांना 'निजवणारे काका' म्हणायला सुरुवात केली. त्यांना ते आवडायचं. "निजवणं सोपं नाही," म्हणायचे. "आईला विचारा."

त्यांच्याकडे अशी वाक्यं तयार असत आणि ती ते कोणालाही ऐकवत. खानावळीतल्या वाढप्याने "भाजी कशी झाली?" विचारलं तर "स्वर लागलाय, पण बसला नाही" असं उत्तर मिळे. वाढपी मीठ आणून देई. रस्त्यात कोणी "कसे आहात?" म्हटलं तर क्षणभर थांबून, खरंच आत डोकावून बघितल्यासारखं करून सांगत, "आज बरा आहे. काल खर्जात होतो." वाजवायला बसण्यापूर्वी अंघोळ करून इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचे आणि चपला स्वतःच्याच खोलीबाहेर काढून पुन्हा आत यायचे. आपल्याच घरी पाहुणे म्हणून आल्याखेरीज हाताला अदब येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

आम्हा दोघांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असायची. काकांचं रेकॉर्डिंग गुरुवारी दुपारी दोन वाजता. स्टुडिओ परवडण्याचा प्रश्न नव्हता आणि त्यांना तो नकोही होता. खोलीतच कीबोर्ड, कीबोर्डपासून नऊ फुटांवर एक स्टूल, स्टुलावर टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र. नऊ फूट मी मोजपट्टीने मोजून द्यायचो. टू-इन-वन मालवणी मावशींचा. त्यांचं बिऱ्हाड जिन्याला लागून होतं. यजमान आखातात, त्यांनी तो पाठवलेला. मावशी तो दोन वाजता द्यायच्या आणि तीनच्या ठोक्याला परत मागायच्या, कारण सव्वातीनला त्यांची भजनाची कॅसेट लागायची.

चाळीत आवाज बंद कसा करायचा, यावर काकांनी सोपा तोडगा काढला होता. गॅलरीच्या कठड्यावर लाल पंचा दिसला की काकांचं वाजवणं सुरू. मजल्यावर बावीस बिऱ्हाडं होती. पंचा असेतो कुकर लावायचा नाही, बादली ओढायची नाही, भांडण असलं तर खुणांनी करायचं. लोक हे पाळायचे. एकदा दोन जावांचं कडाक्याचं भांडण पंचा दिसताच थांबलं आणि पंचा काढल्यावर त्याच शब्दापासून पुढे सुरू झालं, हे मी स्वतः पाहिलं आहे.

पंचा घालणं आणि काढणं माझ्याकडे. मी दारात पाटावर घड्याळ घेऊन बसायचो. पहिला स्वर लागला की वेळ बघायची, शेवटचा विरला की पुन्हा बघायची, डायरीत लिहायचं, मग पंचा काढायचा. वेळ लिहून ठेव असं मला कोणी सांगितलं नव्हतं. मी परळच्या एका कारखान्यात वजनकाटे तपासायच्या कामाला होतो. काटा बघितला की आकडा लिहायचा, हा हाताचा धर्म झाला होता.

अशा सहा रचना झाल्या, तीन कॅसेटींच्या सहा बाजू. तिन्ही कॅसेटींचं नाव 'दुपार'. एक, दोन, तीन असे आकडे घालू या, असं मी सुचवलं तेव्हा म्हणाले, "दुपारीला कसला आकडा? ती रोज तीच असते." शेवटी आकडे मीच स्टिकरवर पेनाने घातले. गिरगावातल्या एका दुकानात प्रती निघाल्या. योगवर्ग, दादरचे एक होमिओपॅथ, एक प्रसूतिगृह अशा ठिकाणी त्या वाजू लागल्या. ऐकणारे सगळे एकच सांगायचे. इतकं संथ कोणी वाजवत नाही. श्वास आपोआप लांबतो.

आता काकांच्या सर्वांत मोठ्या वाक्याकडे येतो. टू-इन-वन तीनला परत जायचा, त्यामुळे रेकॉर्डिंग झाल्या झाल्या ऐकणं व्हायचं नाही. काका ते आठवडाभराने होमिओपॅथकडच्या प्लेअरवर ऐकायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते चकित झाले होते. वाजवताना हाताला इतकी शांतता जाणवली नव्हती. त्यावर त्यांनी महिनाभर विचार केला आणि एक दिवस गॅलरीत मला सांगितलं, "टेप माझा हात ऐकत नाही. मन ऐकते."

हे वाक्य त्यांनी पुढची तीस वर्षं सांगितलं. योगवर्गात सांगितलं, लग्नाच्या पंगतीत सांगितलं, ब्लड प्रेशर मोजणाऱ्या नर्सला सांगितलं. चौथी कॅसेट निघाली नाही, नोकरी संपली, चाळ पडून टॉवर झाला, काका सतराव्या मजल्यावर गेले. वाक्य तेवढं राहिलं. त्यांनी लग्न केलं नाही, पदवी घेतली नाही, पुरस्कार मिळाला नाही. "माझ्याकडे एकच गोष्ट आहे," ते म्हणायचे. "माझ्या आत एक संथ माणूस आहे आणि त्याचा पुरावा टेपवर आहे."

गेल्या वर्षी सायली आली. जुनं, विसरलेलं वाद्यसंगीत शोधून त्याच्या रेकॉर्डी काढणाऱ्या एका छोट्या कंपनीत ती ध्वनिमुद्रणाचं काम बघते. तिची आई योगवर्गाला जायची, 'दुपार' घरी होती. तिला काकांच्या सगळ्या रचनांचा संग्रह काढायचा होता, सोबत छोटी पुस्तिका. तिने सांगितलं की अशा संगीताला आता न्यू एज म्हणतात, परदेशात त्याचे संग्राहक आहेत.

"नवं युग?" काका म्हणाले. "माझ्या खोलीत तर पंखाही जुना होता."

पण ते सुखावले होते. पुस्तिकेसाठी त्यांनी स्वतःच्या हाताने चार पानं लिहून दिली. पहिलंच वाक्य अर्थातच तेच. मूळ कॅसेटी त्यांनी जपल्या होत्या. त्या संगणकात उतरवायचं काम सायलीचं, रचनांची माहिती द्यायचं माझं.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. "काका कुठल्या पट्टीत वाजवायचे, आठवतंय?"

"काळी एक. नेहमी."

"कॅसेटवर सगळं पांढरी एक येतंय, अर्धा सूर खाली. आणि दुसऱ्या रचनेत कावळा ओरडतो ना, तो बघा. फार जाड आवाजाचा कावळा आहे."

"करी रोडचे कावळे तसेच असतात," मी म्हणालो.

"तसं नाही. मला वाटतं टेपच्या वेगात काहीतरी आहे. तुमच्याकडे वाजवल्याच्या वेळा आहेत म्हणे?"

डायरी कपाटात होती. पहिली रचना, वाजवायला लागलेला वेळ अठरा मिनिटं दहा सेकंद. सायलीने कॅसेटवरचा वेळ सांगितला, एकोणीस मिनिटं पंधरा सेकंद. दुसरी, सोळा चाळीस. कॅसेटवर सतरा चाळीस. तिसरी, वीस मिनिटं. कॅसेटवर एकवीस बारा. सहाच्या सहा तपासल्या. शंभराला सहा, शंभराला सहा. हाताने घड्याळ बघणाऱ्याची चूक इतकी सारखी येत नाही. चूक यंत्राची होती. रेकॉर्ड करताना टू-इन-वन पळत होता. पळणाऱ्या यंत्रात तेवढ्याच वेळात टेप जास्त जाते. तीच टेप सरळ चालीच्या प्लेअरवर लावली की तिला संपायला जास्त वेळ लागणार, आणि स्वर खाली उतरणार. आमचा सगळा संथपणा त्यातून आला होता.

खात्री करायची म्हणून मी नवव्या मजल्यावर मावशींकडे गेलो. वय ऐंशीच्या पुढे, स्मरण खणखणीत.

"तो टू-इन-वन?" त्या म्हणाल्या. "तो मीच पळवूक दिललंय."

"पळवायला?"

"मगे? माझा भजन पाऊण तास चलायचा आणि नळाक पाणी येय चार वाजता. शेवटचा भजन अर्धा रवायचा, मी कळशी घेऊन धावतंय. रिपेरवाल्याक सांगितलंय, बाबा, देवाचा नाव पुरा होऊक व्हया. तेना मागसून स्क्रू वाईच फिरवल्यान. झाला काम."

"काकांना सांगितलं होतंत का?"

"निजवणाऱ्याक? तेका कशाक सांगू? यंत्र माझा, देव माझो."

पंचेचाळीस मिनिटांत अडीच मिनिटं वाचत होती. घरी आल्यावर मी ते कागदावर मांडून बघितलं, कारण मला काय करायचं ते सुचत नव्हतं.

बायको म्हणाली, "बहात्तर वर्षांच्या माणसाला आता हे सांगून काय मिळणार?" सायलीचंही तेच मत पडलं. "लोकांनी ऐकलं तेच आपण काढतोय ना? मी वेग तसाच ठेवते. त्यांना कशाला?" दोघींचं म्हणणं माणुसकीचं होतं. पण पुस्तिकेच्या पहिल्या ओळीत टेप मन ऐकते असं छापलं जाणार होतं आणि ते खोटं आहे याचे आकडे माझ्या कपाटात होते. उद्या कोणीतरी कावळा ऐकून हिशेब मांडला असता, तर काका परक्या माणसाकडून ते ऐकणार होते. त्यापेक्षा मी बरा.

दुपारी वर गेलो. काका पुस्तिकेचा मजकूर तपासत होते. मी डायरी उघडून सगळं सांगितलं, मावशींसकट.

"म्हणजे टेपने मन ऐकलं नाही," ते शेवटी म्हणाले.

"नाही."

"स्क्रू ऐकला."

"हो, काका."

"आणि तू घड्याळ घेऊन दारात बसला होतास. वजनकाटे तपासणारा माणूस."

"हो."

"छान."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सायलीला बोलावून घेतलं. तिने पहिली रचना खऱ्या वेगाला आणून लॅपटॉपवर लावली. काका डोळे मिटून ऐकत होते. चौथ्या मिनिटाला त्यांनी डोळे उघडले.

"हा कोण आहे? ह्याला कुठे जायचंय?"

"तुम्हीच आहात, काका," सायली म्हणाली.

"बंद कर." मग पुस्तिकेची पानं उचलून त्यांनी घडी घातली. "हे नको. रेकॉर्डही नको. माझी नसलेली गोष्ट माझ्या नावावर विकू नका."

सायली लिफ्टमध्ये माझ्याशी बोलली नाही. तिची सहा महिन्यांची मेहनत होती. बायकोने घरी "सांगितलं होतं" एवढंच म्हटलं, आणि तेवढं पुरलं.

आठ दिवस काकांचं दार बंद. नवव्या दिवशी फोन. "घड्याळ घेऊन ये."

कीबोर्ड खोळीतून बाहेर आला होता. अंगात इस्त्रीचा शर्ट. चपला दाराबाहेर. "पहिली रचना," ते म्हणाले. "एकोणीस पंधरात वाजवतो. आत तो संथ माणूस असला तर निघेल."

तीन दिवस हा प्रयोग चालला. पहिल्या दिवशी एकोणीस चाळीस झाले. "हा झोपला होता," काका म्हणाले. दुसऱ्या दिवशी अठरा पंचावन्न. तिसऱ्या दिवशी एकोणीस मिनिटं अकरा सेकंद. मी आकडा मोठ्याने सांगितला. मला वाटलं, जिंकले.

काकांनी हात मांडीवर ठेवले. "ऐकलंस? हा सूचना वाचत वाजवतोय. एक थांबा, दोन थांबा. ह्याला शांत म्हणतात का?" थोड्या वेळाने म्हणाले, "ती लय माझी नव्हे रे. मी खूप शोधली."

अशा वेळी माझ्याकडे बोलायला फक्त आकडे असतात.

"कागद घे," ते म्हणाले. "लिही. या संग्रहातलं संगीत वाजवलं त्यापेक्षा शंभराला सहा इतकं संथ ऐकू येतं. टेपरेकॉर्डर पळत होता. वाजवणाऱ्याला हे तीस वर्षं माहीत नव्हतं. लोकांनी जसं ऐकलं तसंच इथे दिलं आहे. खाली मावशींचं नाव घाल, रेकॉर्डर त्यांचा म्हणून."

"आणि तुमची चार पानं?"

"त्यातलं पहिलं वाक्य खोटं आहे. पुढची त्याच्यावर उभी आहेत."

सायलीला होकाराची बातमी कळली तेव्हा ती धावत आली, मजकूर वाचला आणि खाली बसली. "काका, पुस्तिकेत हे एवढंच छापलं तर लोक हसतील."

"हसू देत. मी एकाच वाक्यावर फार दिवस गंभीर बसलोय. पाठ दुखते."

संग्रह निघाला. गिरगावातल्या एका छोट्या सभागृहात रविवारी सकाळी कार्यक्रम ठेवला होता. खुर्च्या साठ, माणसं त्रेपन्न. मावशींना मी टॅक्सीने आणलं होतं, त्या पहिल्या रांगेत बसल्या. रेकॉर्डचा एक तुकडा ऐकवून झाल्यावर दाढीवाल्या एका तरुणाने माइक घेतला. पुस्तिका त्याने उघडलेली नव्हती. "सर, ही संथ लय तुम्हाला कुठे सापडली? तुमची साधना काय होती?"

हा प्रश्न काकांना तीस वर्षं विचारला जात होता आणि उत्तराला ते किमान वीस मिनिटं घेत. मी सवयीने खुर्चीत रेललो.

"मला नाही सापडली," काका म्हणाले. "शेजारून मिळाली. त्या बसल्यात बघा. त्यांना विचारा."

त्रेपन्न माणसं मावशींकडे वळली. मावशी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "माझा काय? माका पाणी भरूचा होता."

काकांनी मग सगळी हकिकत सांगितली, स्क्रूपासून कावळ्यापर्यंत, काही न गाळता. लोक हसले. काकाही हसले, पण जरा उशिरा. हसू ओसरल्यावर ते कीबोर्डकडे गेले. हे कार्यक्रमात ठरलेलं नव्हतं. सायलीने माझ्याकडे बघितलं, मी खांदे उडवले. काका चपला काढून स्टेजच्या दोन पायऱ्या खाली उतरले आणि अनवाणी पुन्हा वर चढले.

"पहिली रचना," ते म्हणाले. "माझ्या चालीने."

त्यांनी वाजवायला सुरुवात केली आणि मी घड्याळ बघितलं. लोकांचे डोळे मिटले नाहीत. स्वर येत होते आणि पुढच्याला जागा देऊन जात होते, रेकॉर्डवर होते त्यापेक्षा लवकर. त्या लॅपटॉपवरच्या माणसासारखं कुठे पोचायचं असल्याची घाई त्यात नव्हती. मधे एकदा उजवा हात चुकला, त्यांनी तो तसाच ठेवला, उचलून परत घेतला नाही. मावशी मान हलवत होत्या. त्यांना चाल पटलेली दिसली.

शेवटचा स्वर विरला. लोक टाळ्या वाजवायच्या बेतात होते तेवढ्यात काकांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"किती?"

"अठरा मिनिटं चाळीस सेकंद," मी म्हणालो. "तेव्हा अठरा दहा होती."

"म्हणजे अर्धं मिनिट संथ."

"हो. बोटं आता बहात्तर वर्षांची आहेत, काका."

"असू देत," ते म्हणाले. "पण लिहून ठेव. हे अर्धं मिनिट माझं आहे."